लॅपटॉपसाठीं एस.एस.डी. : घेण्यापूर्वीं काय पाहावें ?



लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला आणि सुरू होण्यास चार-पांच मिनिटें घेऊं लागला, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा आतां मोडींत काढा. दुसरा म्हणतो, चालतो आहे तोंवर चालूं द्या. लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर ह्या दोहोंमधला एक मार्ग आहे. ती डिस्क काढून तिच्या जागीं सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एस.एस.डी., बसवावी. मात्र विंडोज १० चा नेहमींचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्यें संपला आहे. तेव्हां आपला लॅपटॉप विंडोज ११ किंवा लिनक्स चालवूं शकतो कीं नाहीं, याची खात्री आधीं करून घ्यावी.

दुकानांत गेलें म्हणजे खोक्यांवरील मोठमोठे आंकडे पाहून माणूस गोंधळतो. त्यांपैकीं कामाचे कोणते व केवळ शोभेचे कोणते, हें ओळखण्यासाठीं दोन्ही यंत्रांची रीत थोडीशी समजून घेतली पाहिजे.

हार्ड डिस्क ही ग्रामोफोनच्या तबकडीची बहीणच म्हणावयाची. लॅपटॉपांतील सामान्य तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते; म्हणजे एका फेर्‍यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती नोंद समोर येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें, आणि वाचणारा बाहू सरकण्यास लागणारा वेळ निराळाच. संगणक सुरू होतांना अशा हजारों बारीक नोंदी वाचाव्या लागतात. सारा विलंब तेथें होतो. एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नाहीं. तिला कोणतीही नोंद काढण्यास सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या भागाइतका, किंबहुना त्याहूनही कमी, वेळ पुरतो.

तिच्यांतील स्मृतीचा नॅन्ड फ्लॅश हा प्रकार तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ मध्यें जगापुढें मांडला. यांत असंख्य सूक्ष्म कप्पे असून प्रत्येकांत विद्युत्कण कोंडून ठेवितात. एखाद्या घड्यांत पाणी किती, यावरून खूण ओळखावी, तसाच हा प्रकार. घडा भरलेला कीं रिकामा एवढेंच पाहिलें, तर एक खूण साठते. एका घड्यांत तीन खुणा साठवावयाच्या तर पाण्याच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात; चार साठवावयाच्या तर १६. पहिल्या रीतीस टी.एल.सी. व दुसरीस क्यू.एल.सी. म्हणतात. पातळ्या जितक्या अधिक, तितकें यंत्र स्वस्त. पण लिहिण्यास मंद व झिजण्यास लवकर. म्हणून किंमतींत थोडाच फरक असेल तर टी.एल.सी. पसंत करावी.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न वेगाचा नसून आपल्या लॅपटॉपांत काय बसतें, हा आहे. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असते. तिच्या जागीं त्याच मापाची ७ मिलिमीटर जाडीची एस.एस.डी. चालते. नंतरच्या लॅपटॉपांत एम.२ नांवाची पट्टी येते. तिच्यावरील २२८० ह्या आंकड्याचा अर्थ रुंदी २२ व लांबी ८० मिलिमीटर असा आहे. २२४२ व २२३० अशा आंखूड पट्ट्याही असतात. येथें एक फसगत संभवते. एम.२ पट्टी साटा पद्धतीची असूं शकते किंवा एन.व्ही.एम.ई. पद्धतीची, दिसण्यांत दोन्ही सारख्याच, परंतु एकीच्या जागीं दुसरी चालेलच असें नाहीं. कांहीं लॅपटॉपांत, उदाहरणार्थ २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्यें, ही साठवण मुख्य पाटीवरच पक्की केलेली असते. तेथें बदल करण्याचा विचारच सोडावा. सबब लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहिल्याखेरीज खरेदीस निघूं नये.

दुसरा प्रश्न वेगाचा. साटा एस.एस.डी. सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट वाचते, एन.व्ही.एम.ई.मध्यें हा आंकडा ३,५०० किंवा ७,००० पर्यंतही जातो. पण हे आंकडे एकच प्रचंड फाइल सलग वाचतांनाचे आहेत. पत्रलेखन, हिशेब, मुलांचा अभ्यास या कामांत बारीक नोंदीच अधिक. तेथें हा फरक फारसा जाणवत नाहीं. तबकडी सोडून कोणतीही चांगली एस.एस.डी. घेतली, कीं मुख्य लाभ पदरांत पडलाच. त्यापुढील वेगासाठीं अधिक पैसे मोजण्यापेक्षां ते क्षमतेवर खर्चावे. क्षमता पाहतांना इतकें लक्षांत ठेवावें कीं, खोक्यावर १ टेराबाइट लिहिलेलें असतां विंडोज ९३१ गिगाबाइटच दाखविते. यांत लबाडी नाहीं, मोजण्याच्या दोन रीती आहेत.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. १ टेराबाइटच्या कित्येक चांगल्या एस.एस.डी.वर ६०० टेराबाइट लेखनाची व पांच वर्षांची हमी असते. रोज २० गिगाबाइट लिहिलें, तरी वर्षाला सुमारें ७.३ टेराबाइट होतात. म्हणजे ती मर्यादा गांठण्यास ८२ वर्षें लागतील. तेव्हां झिजेची भीति घरगुती माणसानें बाळगूं नये.

भीति बाळगावयाची ती निराळ्याच गोष्टीची. तबकडी बिघडतांना पुष्कळदां खरखर करून सूचना देते; एस.एस.डी. चांगली चालतां चालतां एकाएकीं मुकी होऊं शकते. पुसलेला मजकूरही ती फावल्या वेळीं कायमचा झाडून टाकते, मग तो परत मिळण्याची आशा फार थोडी. शिवाय ती कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. जेडेक ह्या संस्थेच्या दंडकाप्रमाणें, लेखनाची मर्यादा संपलेल्या घरगुती एस.एस.डी.नें वीज नसतां ३० अंश सेल्सिअसवर एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि आपल्याकडील उन्हाळा तर याहून कडक असतो.

म्हणून काढलेली जुनी डिस्क धडधाकट असेल तर फेकूं नये. थोडक्या पैशांत मिळणार्‍या यू.एस.बी. डबींत ती बसवावी आणि घरचीं छायाचित्रें व महत्त्वाचे कागद यांची एक नक्कल तिच्यावर ठेवावी; ती जुनी असल्यामुळें दुसरी नक्कल अन्यत्रही असावी. लॅपटॉप पुन्हा विकत मिळतो. आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र मिळत नाहीं. एस.एस.डी.च्या किंमतींतच ह्या नकलेचा खर्च धरावा, म्हणजे ती खरेदी पुरी झाली असें समजावें.