अकेलाची टोळी

रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधली (1894) लांडग्यांची टोळी मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या डोंगरांतली. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग 44 नागपूरमार्गे त्याच शिवनीला पोचतो. टोळीचा म्होरक्या अकेला. पौर्णिमेला सभेच्या खडकावर तो पसरतो आणि नवी पिल्ले सगळ्यांना दाखवली जातात. पिल्लाने पहिले हरीण मारेपर्यंत त्याचा जीव घेणाऱ्या मोठ्या लांडग्याला देहदंड. पिल्लाच्या हक्कावरून वाद झाला, तर आईबाप सोडून दोघांनी त्याच्या बाजूने शब्द टाकायचा. मोगली या माणसाच्या पोरासाठी सभेत बसायची मुभा असलेला बालू अस्वल बोलला. बगीरा या काळ्या बिबट्याला ती मुभाही नव्हती, म्हणून त्याने नुकताच मारलेला बैल देऊन पोराचा जीव सोडवला. कायद्यातली ही पळवाट फारच झकास! म्होरक्याची शिकार हुकली, की तो जिवंतपणीच ‘मेलेला लांडगा’ ठरतो.

खऱ्या लांडग्यांत अशी उतरंड नसते. लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये वर्चस्वाची कल्पना मांडली ती बंदिस्त लांडग्यांवरून. रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरे, हे दुसरे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये दाखवून दिले. वयात आलेली पोरे घर सोडतात. विदर्भातल्या माळरानावरचा लांडगा तर बहुधा एकटादुकटा किंवा दोघाचौघांतच दिसतो. किपलिंगच्या कथेतल्यासारखी चाळीसेक लांडग्यांची सभा तिथे भरत नाही.