डॉक्टरांनी रंगविलेले मास्तर
(नभोवाणीवरील भाषण)

डॉक्टर श्रीराम लागू हे नाव उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ‘नटसम्राटा’तील अप्पासाहेब बेलवलकर उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु मी पडलो शाळामास्तर. पनवेलीस व आसपासच्या खेड्यांत ३८ वर्षे खडू झिजविलेला मनुष्य रंगभूमीकडे पाहू लागला, तरी तेथेही तो आपल्याच जातकुळीची माणसे शोधतो. मला ती डॉक्टरांच्या भूमिकांत सापडली. ह्या नटाने जितके मास्तर रंगविले, तितके क्वचितच कोणी रंगविले असतील. त्या मास्तरांविषयीच आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा सांगतो. डॉक्टरांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यास झाला. वडील डॉक्टर होते. शिक्षण पुण्यास भावे हायस्कुलात, फर्ग्युसन कॉलेजात व पुढे बी. जे. मेडिकल कॉलेजात झाले. नाटकाचा नाद वैद्यकाच्या विद्यार्थिदशेतच जडला. १९५१ साली भालबा केळकर प्रभृती मित्रांसमवेत त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ही संस्था काढली. कान, नाक व घसा ह्यांचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथे जाऊन आले, आफ्रिकेत टांझानियातही काही काळ रोगी तपासले. आणि १९६९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, स्थिरावलेला व्यवसाय बाजूला ठेवून वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ ह्या नाटकाने त्यांनी पूर्णवेळ नटाचे जीवन पत्करले. संसारी मनुष्याला ह्या निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको.

घशाच्या डॉक्टराने नट व्हावे ह्यात एक मौजेची संगती आहे. स्वर निघतो तो कंठातील दोन लहानशा पडद्यांच्या कंपनाने. परंतु त्याला बळ मिळते ते फुप्फुसांतून येणाऱ्या श्वासाचे, आणि त्या श्वासावर सत्ता चालते ती छातीखालच्या श्वासपटलाची. जो मनुष्य श्वासाचा आधार सोडून केवळ घसा ताणतो, त्याच्या स्वरपडद्यांना सूज येते व कालांतराने त्यांवर बारीक गाठीही धरतात. नट, गवई, फेरीवाले आणि शिक्षक हे ह्या विकाराचे ठरलेले रोगी होत. साठ मुलांच्या वर्गात ओरडून ओरडून माझाही आवाज एका वर्षी बसला, तेव्हा हे ज्ञान मला उशिराने झाले. डॉक्टरांना ते आधीपासून होते. ‘नटसम्राटा’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. शिरवाडकरांची ती दीर्घ स्वगते पेलणारा हा वृद्ध त्या वेळी अवघा ४३ वर्षांचा होता! स्वर कोठे चढवावा ह्यापेक्षा तो कोठे आवरावा, आणि शब्दाशब्दांतील स्तब्धतेलाही कसे बोलते करावे, हे त्यांना अवगत होते.

असो. आता मास्तरांकडे वळू.

१९७२ साली व्ही. शांताराम ह्यांचा ‘पिंजरा’ आला, तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. वडिलांबरोबर तो पाहिला. आमच्या पुढच्याच रांगेत आमचे गुरुजी बसले होते. गावाने देव मानलेला एक आदर्श शिक्षक तमाशातील स्त्रीच्या मोहात सापडतो. तो मेला अशी गावाची समजूत होते व गाव त्याचा पुतळा उभारते. शेवटी त्या ‘थोर’ गुरुजींचा खून केल्याचा आरोप त्याच्यावरच येतो, आणि गावाची श्रद्धा भंगू नये म्हणून तो मुकाट्याने शिक्षा स्वीकारतो. खेळ सुटल्यावर आमचे गुरुजी कोणाशी अक्षरही न बोलता निघून गेले. त्यांच्या त्या मौनाचा अर्थ मला स्वतः मास्तर झाल्यावर कळला. लोक शिक्षकाचा पुतळा करतात, तो शिक्षकाच्या सोयीसाठी नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी. आणि पुतळ्याच्या आत जिवंत मनुष्याचा जीव गुदमरतो.

कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ ह्या नाटकातील प्राध्यापक भानू हे दुसरे मास्तर. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या चरित्रावरून हे पात्र स्फुरले. येथे पुतळा खोटा नाही. मनुष्य खरोखरच थोर आहे. परंतु त्या थोरवीची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न ते नाटक विचारते, आणि बोट दाखविते ते घरातील स्त्रीकडे व मुलांकडे. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी कोणी समाजकार्यात गढलेले असेल, त्यांस अधिक सांगणे नलगे.

तिसरे मास्तर गो. पु. देशपांडे ह्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ह्या नाटकातील. येथे एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठ चौकशी आरंभते. मारामारी नाही, गाणे नाही. केवळ प्रश्न आणि उत्तरे. मनुष्याच्या मतांवरच खटला चालला असता त्याने ताठ कसे बसावे, एवढेच ह्या भूमिकेत पाहावयाचे होते.

चौथे आणि माझ्या मते सर्वांत मोठे मास्तर ‘सामना’ ह्या चित्रपटातील. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व जब्बार पटेल ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातही दाखविला गेला. साखरसम्राट हिंदुरावांची भूमिका निळू फुले ह्यांनी केली होती. हे मास्तर दारूच्या आहारी गेलेले, कपड्यांची शुद्ध नसलेले. पुतळा व्हावा असे त्यांच्यापाशी काहीच उरलेले नाही. त्यांच्यापाशी एकच वस्तू शिल्लक आहे, ती म्हणजे प्रश्न. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या मनुष्याचे पुढे काय झाले, हे ते सत्ताधीशाला त्याच्याच घरी बसून विचारीत राहतात.

हा चित्रपट मी पुष्कळ वर्षांनी घरच्या लहान पडद्यावर पाहिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगतो. त्या वेळी मी ज्या शाळेत होतो, तेथील हजेरीपटावर काही कातकरी मुलांची नावे महिनोन्‌महिने उपस्थित म्हणून लागत. ती मुले आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेली होती; त्यांच्या नावे येणाऱ्या मदतीच्या रकमेपुढे मात्र अंगठे उमटत होते. दोन वर्षे मी ते पाहत होतो व गप्प होतो, कारण गावात मला मान होता, आणि मान असलेला मनुष्य वाकडा प्रश्न विचारीत नाही. ‘पिंजरा’तील मास्तर पुतळा टिकावा म्हणून गप्प राहिला. मीही त्याचसाठी गप्प राहिलो होतो. मात्र शिक्षा भोगीत होती ती मुले.

पुढील सभेत मी विचारले, ‘ही मुले कोठे आहेत?’ माझा आवाज कापत होता. सभेत कोणी उत्तर दिले नाही. चहाचे पेले तेवढे वाजले. पराक्रम असा काही घडला नाही. मात्र पुढील वर्षीच्या पटावरून ती नावे गेली, आणि त्यांतील दोन मुले भट्टीवरून परत आणून मी माझ्या वर्गात बसविली. बाकीची मला सापडली नाहीत.

डॉक्टरांचे कर्तृत्व बहुरंगी होते. त्यांनी नाटके बसविली, ‘घरौंदा’साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळविले, १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात गोपाळ कृष्ण गोखले साकारले, ‘लमाण’ हे आत्मचरित्र लिहिले. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ईश्वराला आता सेवानिवृत्त करावे, असे उघडपणे लिहिण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. ते मत मला सर्वांशी मान्य नाही, परंतु प्रश्न करण्याचा त्यांचा अधिकार मान्य आहे. १९९४ साली तन्वीर हा तरुण पुत्र धावत्या गाडीवर आलेल्या दगडाने गेला. त्या दुःखातून त्यांनी व दीपाबाईंनी मुलाच्या नावे रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, डॉक्टर पुण्यास निवर्तले.

श्रोतेहो, आपल्या मुलांच्या शिक्षकांना आपण नमस्कार करता, तो अवश्य करा. परंतु त्यांनी कधी अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्यांना एकटे पाडू नका. पुतळ्यास हाराची गरज असते. जिवंत मास्तरास सोबतीची.