स्नायुपेशीतील शर्कराप्रवेश आणि किल्लीचे रूपक

मधुमेहाविषयी मराठीत जे सुबोध लेखन होते त्यात एक रूपक इतके रूढ झाले आहे की, ते रूपक आहे याचेच विस्मरण व्हावे. इन्शुलिन ही किल्ली. तिने पेशीचे दार उघडले की रक्तातील साखर आत जाते, असे त्याचे स्वरूप होय. हे सर्वस्वी चुकीचे नाही. इन्शुलिनचा रेणू पेशीपटलावरील विशिष्ट प्रथिनाशीच जुळतो, एवढा अंश त्यात यथार्थ आहे. (या प्रथिनास 'ग्राहक' असेही म्हणतात, परंतु गिऱ्हाईक हा त्या शब्दाचा रूढ अर्थ पाहता 'ग्राही' हा शब्द अधिक निर्दोष ठरतो.) तथापि, हे कुलूप आणि साखरेचे दार या दोन निरनिराळ्या वस्तू असून त्या एका ठिकाणी नसतात, ही मुख्य गोष्ट या रूपकाने झाकली जाते.

टोरांटो येथे 1921 साली इन्शुलिनचा शोध लागला. त्यानंतर दीर्घकाळ त्याचे कार्य पेशीच्या अंतर्भागातील विकरांवर होत असावे, असे मानण्याकडे कल होता. 1949-50 च्या सुमारास शिकागो येथे रॅकमील लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उदरातील इंद्रिये व मूत्रपिंडे काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांनी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही शर्करा वापरली. उरलेल्या ऊतींना ती जवळजवळ वापरता येत नाही. म्हणून ती रक्तातून कमी झाली तर ज्वलनामुळे झाली असे म्हणता येत नाही. इन्शुलिन देताच ती रक्तातून कमी होऊन पेशींत शिरली. यावरून इन्शुलिनच्या कार्याचे एक प्रमुख स्थान पेशीच्या सीमेवर आहे, असा निष्कर्ष निघाला.

परंतु सीमेवर नेमके काय घडते? 1980 साली कुशमन व वर्डझाला आणि सुझुकी व कोनो या दोन गटांनी स्वतंत्रपणे, उंदरांच्या मेदपेशींवरील प्रयोगांतून याचे उत्तर दिले. शर्करावाहक प्रथिने पेशीच्या आतील पटलांत साठविलेली असतात आणि इन्शुलिनच्या प्रभावाने ती पृष्ठभागाकडे स्थलांतर करतात. स्नायू व मेद यांत आढळणारे हे प्रमुख वाहक प्रथिन पुढे 1988-89 मध्ये ओळखले गेले. त्यास ग्लुट-4 असे म्हणतात. म्हणजे भिंतीतील बंद दार उघडणे ही क्रिया येथे घडत नसून, आत ठेवलेली दारे आणून भिंतीत बसविणे ही क्रिया घडते. इन्शुलिन ओसरले की ती पुन्हा आत ओढून घेतली जातात.

या क्रियेचा क्रम असा आहे. इन्शुलिन ग्राहीच्या बाह्य भागाला चिकटते, आणि त्यामुळे ग्राहीचा आतील भाग स्वतःवर व निकटच्या प्रथिनांवर फॉस्फेट गट जोडू लागतो. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात हा संदेश एकेटी नावाच्या विकरापर्यंत पोचतो. वाहकांच्या पुटिकांना आत रोखून धरणारे एक प्रथिन असते. एकेटी त्याला निष्प्रभ करते, आणि पुटिका पृष्ठभागाकडे निघतात. वाहकाने आत आणलेल्या ग्लुकोजला हेक्सोकायनेज हे विकर लगेच फॉस्फेट जोडते, त्यामुळे ते पुन्हा बाहेर पडू शकत नाही. पुढे त्याचे ज्वलन होते, किंवा ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविले जाते.

हा सगळा क्रम ध्यानात घेतला तर इन्शुलिनला किल्ली म्हणण्यापेक्षा सांगावा म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. हा भेद केवळ शब्दाचा नाही. प्रकार 2 च्या मधुमेहात पुष्कळदा रक्तात इन्शुलिन भरपूर असते, तरी स्नायूंचा शर्कराग्रह मंद असतो. किल्ली असूनही दार का उघडत नाही, हे पहिल्या रूपकाने उलगडत नाही. सांगावा दारापर्यंत आला, पण घरात तो पुढे नेला गेला नाही, असे म्हटले की इन्शुलिन-प्रतिरोधाचे मर्म कळते.

दुसरे असे की, स्नायू आकुंचन पावू लागला म्हणजे ग्लुट-4 इन्शुलिनच्या संदेशाची वाट न पाहताही पृष्ठभागावर येते. प्रतिरोध असलेल्या रुग्णातही ही वाट बरीचशी शाबूत असते. चालण्याच्या व्यायामाला वैद्य जे महत्त्व देतात त्याचे एक कारण हे होय. मात्र यावरून व्यायाम हा इन्शुलिनचा पर्याय आहे, असा अर्थ काढणे घातक ठरेल. प्रकार 1 च्या मधुमेहात शरीरातील इन्शुलिन जवळजवळ संपलेले असते. यकृताने रक्तात साखर सोडण्याला व मेदाच्या विघटनाला आळा घालणे हेही इन्शुलिनचेच कार्य आहे, आणि ते चालण्याने साधत नाही. तेथे इन्शुलिन थांबविले तर रक्तात कीटोन आम्ले साचून प्राणावर बेतते.

किल्लीच्या रूपकाने इन्शुलिनचे सारे कार्य एका दारापुरते मर्यादित केले आहे. रुग्णासाठी लिहिणाऱ्याने ते वापरावयाचे झाल्यास त्याची ही मर्यादाही सोबत सांगितली पाहिजे. कारण वाचक त्या रूपकावरून केवळ समजूत करून घेत नाही, औषध घ्यावे की सोडावे हेही ठरवितो.