जमिनीला येणारी भरती

अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र चार-पाच मीटर चढतो आणि उतरतो. ते सगळ्यांना दिसतं. त्याच चंद्रसूर्याच्या ओढीनं मुंबईची जमीनही चढते-उतरते, हे मात्र दिसत नाही. किनाऱ्याचा कातळ, त्यावरच्या इमारती, मागचा सह्याद्री, १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, सगळं दिवसातून दोनदा उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं. एरवी हा फरक वीस-तीस सेंटीमीटरचा असतो. उधाणाच्या दिवसांत विषुववृत्ताच्या आसपास तो अर्ध्या मीटरपर्यंत जातो. बंदराच्या धक्क्यावर भरतीची जी उंची आपण मोजतो, तीसुद्धा या हलत्या जमिनीवर उभं राहूनच मोजतो.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण शेकडो किलोमीटरचा मुलूख एकदम हलतो आणि शेजारी काही स्थिर उरतच नाही. म्हणून जमीन किती उचलली एवढंच पाहून भागत नाही, कितीपैकी किती ते पाहावं लागतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. त्यात २५ सेंटीमीटर म्हणजे अडीच कोटी भागांतला एक भाग. मूळ मापाशी असलेलं बदलाचं हे प्रमाण म्हणजे विकृती. ताणलेला पदार्थ आतून दर चौरस सेंटीमीटरला जो जोर लावतो, ते प्रतिबल. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये या दोहोंचं नातं छापून मांडलं: जोर दुप्पट, तर ताण दुप्पट.

पोलादाची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाची तार घ्या आणि तिला २० किलो वजन टांगा. तार एक मिलिमीटरनं लांबते, म्हणजे हजारात एक. वजन काढलं की ती जशीच्या तशी होते. चंद्र पृथ्वीला जेवढ्या प्रमाणात ताणतो तेवढंच या तारेला ताणायचं, तर टांगायचं वजन एका ग्रॅमपेक्षाही कमी भरतं. खडक पोलादापेक्षा दोन-तीन पट मऊ, त्यामुळे कवचातलं हे प्रतिबल चौरस सेंटीमीटरला जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. एवढ्याशा ताणानं अख्खा सह्याद्री वीतभर उचलला जातो, कारण ताणली जाणारी वस्तू हजारो किलोमीटरची आहे.

हे मोजणं कुणाला सुचलं असेल? विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, १८६३ मध्ये उलट बाजूनं विचार केला. पृथ्वी पातळ सालीखाली द्रवरूप असती, तर जमीनही समुद्राबरोबर तेवढीच उचलली गेली असती आणि भरती दिसलीच नसती. ज्या अर्थी भरती दिसते, त्या अर्थी पृथ्वी एकूणात काचेपेक्षाही ताठ असली पाहिजे, कदाचित पोलादाइतकी. किनाऱ्यावरच्या पाण्याकडे पाहून पृथ्वीच्या पोटातला ताठरपणा ओळखणं हा मला भौतिकशास्त्रातला अतिशय देखणा तर्क वाटतो.

प्रत्यक्ष माप आलं ते पन्नास वर्षांनी. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, यर्किस वेधशाळेच्या आवारात, अल्बर्ट मायकेलसन आणि हेन्री गेल यांनी सुमारे दीडशे मीटर लांबीचे दोन नळ जमिनीत पुरले, एक उत्तर-दक्षिण आणि दुसरा पूर्व-पश्चिम. ते पाण्यानं अर्धे भरले आणि दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सूक्ष्मदर्शकातून वाचली. या बंद नळांतही चंद्रसूर्य भरती आणत होते! पातळीतला फरक होता काही मायक्रोमीटरचा, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. पृथ्वी अजिबात वाकली नसती तर जेवढी भरती यायला हवी होती, त्याच्या सुमारे ७० टक्केच ती आली. उरलेली ३० टक्के नळाखालच्या पृथ्वीनं स्वतः वाकून खाल्ली होती.

जिनिव्हाजवळ सर्नमधल्या २७ किलोमीटर घेराच्या कणवेगवर्धकाला तर हा ताण हिशेबातच धरावा लागला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कणांची ऊर्जा ठरावीक वेळाने किंचित बदलताना दिसली. चंद्रामुळे वर्तुळाचा घेर एक मिलिमीटरनं कमीजास्त होत होता. पावणेतीन कोटींत एक, म्हणजे पुन्हा जवळपास तेच प्रमाण.

आता चंद्राऐवजी पाण्याचा भार पाहू: कोयना धरण. त्याचा शिवाजीसागर जलाशय भरला की १०५ टीएमसी पाणी साठतं, वजन जवळजवळ ३०० कोटी टन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला हादरवणाऱ्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि या पाण्याकडे जगाचं लक्ष वळलं. पण आकडे शेजारी मांडून पाहा. खोलात खोल जागी तळ्याच्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला आठ किलोच्या आसपास. पाच किलोमीटर खालच्या खडकावर वरच्या खडकांचाच भार तेवढ्या जागेवर १,३५० किलो. पाण्यानं भूकंप घडवण्याइतका ताण पुरवला, असं हे आकडे सांगत नाहीत. ताण खडकात आधीच, फार दीर्घ काळ साठलेला होता. पाण्याच्या भारानं आणि भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबानं फक्त शेवटचा धक्का दिला. खडक वाकतो, वाकताना ऊर्जा साठवतो आणि भेगेवर सुटला की झटक्यात सरळ होतो, हे हॅरी रीडनं १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर दाखवून दिलं होतं. तिथे भेगेच्या दोन बाजू काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत सरकल्या होत्या.

पुन्हा जमिनीच्या भरतीकडे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिचे दोन हात प्रत्येकी चार किलोमीटरचे. सर्नच्याच प्रमाणानं हिशेब केला, तर जमिनीच्या भरतीमुळे असा हात दररोज सुमारे ०.१५ मिलिमीटरनं लांबेल-आखडेल. पकडायची आहे ती गुरुत्वीय लहर. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली लहर सापडली, तेव्हा तेवढ्याच लांबीच्या हातात झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका होता. जमिनीची हालचाल त्याच्या सुमारे ४० लाख कोटी पट! तरीही दोन्ही वेगळे काढता येतात, कारण जमीन बारा तास पंचवीस मिनिटांच्या संथ लयीत हलते आणि ती लहर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात येऊन गेली. जमिनीच्या चालीचा हिशेब आधीच मांडता येतो, आणि यंत्रणा हातांच्या टोकांचे आरसे तेवढे सरकवत राहते. अमेरिकेतले ते ४० किलोचे आरसे टांगलेत शुद्ध काचेच्या चार-चार धाग्यांवर. धागा ०.४ मिलिमीटर जाड, साठ सेंटीमीटर लांब, आणि दहा किलोच्या भारानं सहा मिलिमीटर ताणलेला. शंभरात एक. पोलादाच्या त्या तारेच्या दहापट, आणि काच तुटत नाही.