जवसाची ढेप भिजविताना घ्यावयाची काळजी

चिमूर भागात धान उभे असतानाच बांधीत उतेऱ्याचे जवस पेरण्याची वहिवाट आहे. तेल काढून उरणारी ढेप कामाच्या बैलांस उत्तम खुराक होय. तीत सुमारे ३० टक्के प्रथिने असतात. कोरडी ढेप कठीण असल्याने ती भिजवून देणे इष्ट. परंतु कशी भिजवावी, यास फार महत्त्व आहे.

जवसात लिनामारिन नावाचे द्रव्य व त्याचे विघटन करणारे विकर, अशी दोन्ही असतात. कोमट पाणी मिळताच विकर कार्य करू लागते व हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी जनावरास किराळ लागते, ती याच विषामुळे. यंत्रातील उष्णतेने विकर बव्हंशी नष्ट होते. बैलघाण्याच्या ढेपेत मात्र ते शिल्लक राहते.

यास्तव ढेप फोडून उकळत्या पाण्यात टाकावी, भांडे उघडे ठेवून १० मिनिटे उकळू द्यावी व निवाल्यावर कुटारात कालवावी. ती कोमट पाण्यात रात्रभर ठेवू नये. आरंभी पाव किलो द्यावी. पुढे हळूहळू वाढवून बैलास दररोज १ किलोपेक्षा अधिक देऊ नये.

धाप लागणे, तोंडास फेस येणे, झटके येणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यास त्वरित बोलवावे. सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळीच टोचल्यास जनावर वाचू शकते. विलंब प्राणघातक ठरतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ढेप उकळण्याची ही रीत गोठ्यावर जाऊन प्रत्यक्ष करून दाखवावी.