मोटारीच्या रंगाचें रक्षण : मेण कीं सीलंट ?

मोटारीला अधूनमधून मेण लावावें, फडक्यानें चोळावें आणि तिच्यांत तोंड दिसेल इतकी ती चकचकीत ठेवावी, हा परिपाठ फार जुना आहे. वडिलांनीं डब्यांतील मेण चोळलें म्हणून मुलगाहि तेंच चोळतो. परंतु ज्या रंगासाठीं हा परिपाठ पडला, तो रंग आतां मोटारीवर राहिलेला नाहीं. रंग बदलला, तेव्हां त्याच्या रक्षणाचा मार्गहि नव्यानें तपासून पाहणें प्राप्त आहे.

प्रारंभींच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेंच तेलाचें रोगण कुंच्यानें देत. एकावर एक हात देऊन तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. १९२३ सालीं अमेरिकेंत ड्यूपाँट कंपनीचें ‘ड्यूको’ हें नायट्रोसेल्युलोजचें रोगण पुढें आलें आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तें प्रथम चढलें. तें फवाऱ्यानें देतां येई व लवकर वाळे. परंतु उन्हापावसानें अशा रोगणाचा पृष्ठभाग खडूसारखा भुरकट पडे. तो मेलेला थर घासून काढावा आणि खालच्या ताज्या रंगावर मेण द्यावें, असा मग क्रम पडला. रंग वरपासून खालपर्यंत एकाच जातीचा असल्यामुळें हें घासणें बरींच वर्षें निभावून जाई.

आजच्या मोटारीची घडण निराळी आहे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असतें. या शेवटच्या थरालाच ‘क्लिअर कोट’ म्हणतात. सारे थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांत क्लिअर कोटचा वांटा सुमारें ४० ते ५० मायक्रॉनांचा. वर्तमानपत्राचा कागद जवळजवळ ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मोटारीचें सारें तेज कागदाहूनहि पातळ अशा एका पापुद्र्यावर अवलंबून आहे. उन्हांतील अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें याच पापुद्र्यांत मिसळलेलीं असतात. खरखरीत पॉलिशनें घासावें तितका तो झिजतो, आणि एकदां झिजला म्हणजे तो भाग पुन्हां रंगविल्यावांचून भरून येत नाहीं. म्हणून आज खरा प्रश्न असलेली चकाकी टिकविण्याचा आहे.

मेणाचे गुण थोडे नाहींत. मोटारीच्या मेणांत मुख्य मान कार्नाउबाचा. ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा, पिआवी वगैरे कोरड्या प्रांतांत ताडाच्या कुळांतील हें झाड वाढतें. पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून त्याच्या पानांवर मेणाचा लेप असतो. पानें वाळवून व झोडपून तें मेण काढतात. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें, तर कार्नाउबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरतें. परंतु डब्यांत मिळणारें मेण शुद्ध कार्नाउबा नसतें. तें इतकें कठीण असतें कीं त्यांत मऊ मेणें, तेलें आणि द्रावकें मिसळल्यावांचून तें फडक्यानें पसरतच नाहीं. शिवाय मेण रंगावर नुसतें टेकून बसतें. रंगाशीं त्याचें रासायनिक बंधन जुळत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत काळ्या मोटारीच्या टपाला हात लावणें कठीण होतें. त्या उष्णतेनें हें मिश्रण मऊ पडतें. उरलेलें काम साबणाचें पाणी आणि पाऊस करतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर असें मेण फार तर एकदोन महिने टिकतें.

सीलंटचा जन्म प्रयोगशाळेंतला. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिलिकॉनच्या संयुगांचा दीर्घ अभ्यास केला. त्याच कुळांतील पदार्थ आज सीलंटांत वापरतात. पाण्यास दूर लोटणारे लांबच लांब साखळीचे रेणू यांत द्रावकांत मिसळलेले असतात. लेप दिल्यावर द्रावक उडून जातें, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पृष्ठावर एक अखंड पटल तयार होतें. पुष्कळ सीलंटांतील रेणूंना रोगणाचा पृष्ठभाग घट्ट धरून ठेवणारे गट जोडलेले असतात. त्यामुळें ऊन, पाऊस आणि साबण यांपुढें हें पटल मेणापेक्षां अधिक काळ टिकतें. चांगलें सीलंट साधारणपणें चार ते सहा महिने काम देतें. गडद रंगावर मेणानें येणारी स्निग्ध, खोल झांक त्याला तितकी साधत नाहीं. त्याची चमक कांचेसारखी असते. गॅरेजमध्यें जपलेल्या हौसेच्या गाडीस मेण शोभतें. रस्त्याच्या कडेला उन्हापावसांत उभ्या राहणाऱ्या रोजच्या गाडीस सीलंट अधिक उपयोगी.

तथापि सीलंट म्हणजे चिलखत नव्हे. त्याचें पटल एका मायक्रॉनहूनहि पातळ असतें. त्यानें खडा लागून उडालेला रंग वांचत नाहीं, किंवा पडलेला ओरखडा बुजत नाहीं. पक्ष्यांच्या विष्ठेपुढें त्याचा उपयोग एवढाच कीं, ती पुसून काढण्यास थोडी अधिक सवड मिळते. उन्हानें क्लिअर कोट तापून मऊ होतो व विष्ठा त्यावर वाळून कडक होते. मग गाडी निवाली कीं त्या खडबडीत आकाराचा ठसा रोगणांत कायमचा उमटतो. क्षारयुक्त पाण्याचेंहि तसेंच. सीलंटवर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब उभे राहतात खरे, परंतु विंधन विहिरीच्या पाण्याचे ते थेंब जागच्या जागीं वाळले, तर प्रत्येकाच्या जागीं क्षाराचें पांढरें कडें उरतें. म्हणून गाडी धुतल्यावर टिपून कोरडी करणें सीलंट लावल्यानेंहि चुकत नाहीं.

नवी गाडी घेतांना ‘टेफ्लॉन कोटिंग’चा आग्रह पुष्कळ ठिकाणीं होतो. टेफ्लॉनचा शोध १९३८ सालीं लागला आणि तव्यांमुळें त्याचें नांव घरोघरीं पोंचलें. परंतु तव्यावर टेफ्लॉन पक्कें बसविण्यास ३०० अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते. मोटारीचा रंग त्या उष्णतेंत जळून जाईल. तेव्हां नांवाला भुलून अधिक पैसे मोजण्यापूर्वीं बाटलींत काय आहे व तें किती महिने टिकेल, हें विचारावें.

सीलंटचें यश पृष्ठाच्या स्वच्छतेवर अवलंबून असतें. गाडी मोटारीच्या शांपूनें धुवावी. एका बादलींत साबणाचें पाणी आणि दुसऱ्या बादलींत हातमोजा खळबळण्यासाठीं साधें पाणी ठेवावें. हात फिरवून पृष्ठ खरखरीत लागल्यास त्यांत रुतलेले कण ‘क्ले बार’ या मऊ मातीसारख्या वडीनें, भरपूर ओलाव्यांत, उचलून घ्यावे. जुनें मेण पूर्णपणें काढावें, कारण मेणावर सीलंट धरत नाहीं. सीलंट पक्कें झाल्यावर त्यावर मेण देण्यास मात्र हरकत नसते. लेप सावलींत, पत्रा थंड असतांना आणि अगदीं पातळ द्यावा. जाड लेपानें टिकाऊपणा वाढत नाहीं, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. बाटलीवर सांगितलेला वेळ थांबून मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्यानें तो पुसावा आणि पुढील बारा ते चोवीस तास गाडीस पाणी लागूं देऊं नये. नव्यानें रंगविलेल्या भागावर रंगाऱ्यानें सांगितलेली मुदत संपेपर्यंत कांहींच लावूं नये.

महाराष्ट्रांतील ऋतुमान पाहतां वर्षांतून तीन वेळां हें काम करणें सोयीचें : मृग लागण्यापूर्वीं, दसऱ्याला गाडी धुवून पुजण्याच्या सुमारास आणि होळीच्या आसपास. मधल्या काळांत स्वच्छ धुतलेल्या गाडीवर पाणी ओतून पाहावें. थेंब गोल न होतां पाणी पसरूं लागलें कीं पटल झिजलें असें समजावें.

आणि शेवटीं फडक्याची गोष्ट. शहरांतील पुष्कळ गाड्या रोज सकाळीं पुसल्या जातात. पुसणाऱ्याला एका बादलीच्या पाण्यांत आठ-दहा गाड्या उरकावयाच्या असतात. पहिल्या गाडीची रेती त्याच फडक्यानें दहाव्या गाडीवर फिरते. उन्हांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक रेघांचा उगम बहुधा येथेंच असतो, आणि त्या काढावयाच्या म्हणजे पुन्हां क्लिअर कोट घासणें आलें. गाडी रोज पुसण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां भरपूर पाण्यानें धुवावी. सीलंट लावलेल्या गाडीवर धूळ कमी चिकटते व पाण्यानें सहज सुटते. म्हणजेच घासण्याचे प्रसंग कमी येतात. मेणाऐवजीं सीलंट पत्करण्याचा खरा लाभ हाच आहे.