ल्यूथर वाचला कसा?

झेक धर्मोपदेशक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. राजा सिगिस्मुंडने दिलेले अभयपत्र त्याच्यापाशी होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे शतकभराने सॅक्सनीतील विटेनबर्ग विद्यापीठातल्या एका संन्यासी प्राध्यापकाने त्याच धर्मसत्तेला आव्हान दिले आणि तो १५४६ साली आपल्या जन्मगावी, आजारपणाने निवर्तला. मार्टिन ल्यूथर हुसपेक्षा अधिक धीट होता, असे म्हणता येणार नाही. मग फरक कोठे पडला?

ठिणगी पैशावरून पडली. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने ते पद मिळविण्यासाठी फुगर या धनाढ्य पेढीकडून कर्ज काढले होते. त्याच्या प्रदेशात पापमुक्तिपत्रांची विक्री सुरू झाली. पत्र घेणाऱ्याला किंवा त्याच्या मृत आप्ताला मरणोत्तर शिक्षेत सूट मिळते, असे सांगितले जाई. निम्मा पैसा रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा कर्जफेडीला, असा हा व्यवहार! ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपले ९५ आक्षेप आर्चबिशपकडे धाडले. ते चर्चच्या दारावर ठोकल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण तिच्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

आक्षेप लॅटिनमध्ये होते, विद्वानांच्या वादासाठी. तरीही काही आठवड्यांतच लाइपझिग, न्यूरेम्बर्ग आणि बाझेल येथे त्यांच्या छापील प्रती निघाल्या. ल्यूथरने यातून चटकन बोध घेतला. १५१८ मध्ये त्याने याच विषयावर जर्मन भाषेत छोटी पुस्तिका लिहिली आणि ती गावोगावी पुनःपुन्हा छापली गेली. छापखानदारांना त्यात धर्मापेक्षा नफाही दिसत असावा. हुसच्या काळी ग्रंथ हाताने उतरवून घ्यावे लागत. ते जप्त करणे सोपे होते. ल्यूथरच्या पुस्तिकांची होळी एका गावात होई, तोवर दुसऱ्या गावात नवी आवृत्ती तयार असे.

मात्र केवळ छापखान्याने कोणाचा जीव वाचत नाही. तो वाचविला सॅक्सनीचा राजा-निर्वाचक फ्रेडरिक याने. गंमत अशी, की फ्रेडरिक स्वतः हजारो पवित्र अवशेषांचा संग्राहक होता. परंतु विटेनबर्गचे विद्यापीठ १५०२ मध्ये त्यानेच स्थापन केले होते. आपल्या प्राध्यापकाची चौकशी रोममध्ये न होता जर्मन भूमीवरच व्हावी, हा त्याचा आग्रह. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडणाऱ्या सात जणांत फ्रेडरिकचे मत होते आणि स्पेनचा राजा चार्ल्स निवडून येऊ नये, अशी पोप दहावा लिओ याची इच्छा होती. फ्रेडरिकला दुखवणे त्याला परवडणारे नव्हते. परिणामी कारवाई कित्येक महिने रेंगाळली आणि तेवढ्या अवधीत ल्यूथरचे नाव जर्मनीभर झाले.

जानेवारी १५२१ मध्ये तो धर्मबहिष्कृत झाला. एप्रिलमध्ये वर्म्सच्या सभेत त्याने मते मागे घेण्यास नकार दिला. हुसचे उदाहरण ताजे असूनही सम्राट पाचव्या चार्ल्सने दिलेले अभयवचन पाळले आणि राजाज्ञा नंतर काढली. परतीच्या वाटेवर फ्रेडरिकच्या माणसांनी अपहरणाचा बनाव करून ल्यूथरला वार्टबुर्ग किल्ल्यात लपविले. तेथे त्याने केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद सप्टेंबर १५२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

राजाज्ञेची अंमलबजावणी जर्मनीत सर्वत्र झाली नाही. चार्ल्स फ्रान्सशी लढण्यात गुंतला होता. १५२६ मध्ये मोहाचच्या रणांगणात हंगेरीचा पाडाव करणारे तुर्क १५२९ मध्ये व्हिएन्नाच्या वेशीवर आले. त्यांच्याशी लढायला सम्राटाला जर्मन राजांचे सैन्य आणि पैसा हवा होता. मठांच्या जमिनी आयत्याच हाती येणाऱ्या राजांना नव्या पंथाचा लाभ वेगळाच.

ल्यूथरच्या यशाची किंमतही याच आश्रयात दडली आहे. १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्यांत पहिली मागणी आपला धर्मोपदेशक आपणच निवडण्याची केली होती. ल्यूथरने आधी दोन्ही पक्षांना समज दिली. हिंसाचार वाढताच मात्र राजांनी बंड निर्दयपणे मोडावे, असे त्याने लिहिले. ते मोडले गेले. १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहाने कॅथलिक की ल्यूथरपंथीय हे ठरविण्याचा अधिकार दिला तो राज्यकर्त्यांना. ज्याला ते मान्य नसेल त्या प्रजाजनाने घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावे, एवढी मुभा त्यात होती.